बोलपटाचे जनक : आर्देशिर इराणी

विद्यार्थी मित्रांनो, चित्रपटातील माणसे बोलतात, गातात, याचे तुम्हांला आज नवल वाटत नाही. पण १९३१ पूर्वी आपल्या देशात तयार होणारे चित्रपट मुके होते. नट ओठ हलवत आणि त्यांचे बोलणे पडद्यावर लिहून दाखवले जाई. ज्यांना वाचता येत नसे, त्यांची मोठी अडचण होई. या मुक्या चित्रपटाला वाचा देणारे गृहस्थ म्हणजे आर्देशिर इराणी.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुणे येथे झाला. पुढे मुंबईत अब्दुलअली युसुफअली यांच्या भागीदारीत त्यांनी चित्रपटगृहे चालवली. मग ते स्वतः मूकपट काढू लागले. इंपिरियल फिल्म कंपनी ही त्यांचीच.

मुंबईत त्यांनी एक अमेरिकन बोलपट पाहिला आणि आपणही असा चित्रपट काढायचा, असे ठरवले. मूकपटांचा धंदा चांगला चालला होता. नवा प्रयोग फसला असता, तर पैसा आणि नाव दोन्ही गेले असते. तरीही त्यांनी अमेरिकेहून यंत्र मागवले. ते चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी घेत असे. यंत्र जोडून देण्यासाठी विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तज्ज्ञ आले. त्यांचा मेहनताना रोज १०० रुपये होता. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. तेव्हा आर्देशिर आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रणाचे काम स्वतःच शिकून घेतले. आर्देशिर यांचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या आसपास होते.

दुसरी अडचण रेल्वेची होती. रूळ स्टुडिओजवळच असल्यामुळे दिवसभर गाड्यांचा आवाज येई. म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर चित्रीकरण होई. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवत. गाणीही तिथेच, कॅमेऱ्यासमोर म्हणावी लागत.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. या नावाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच! त्यात सात गाणी होती. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले.

आता नटांना भाषा येणे भाग पडले. इंपिरियलच्या नामांकित नटी सुलोचना यांना हिंदुस्तानी नीट येत नव्हती. त्यांनी काही काळ काम थांबवले, भाषा शिकली आणि पुढे बोलपटांतही नाव मिळवले. दुसरी भाषा शिकताना कधी कंटाळा आला, तर त्यांची आठवण ठेवा.

आर्देशिर यांनी १९३३ मध्ये मुंबईत पहिला फारसी बोलपट तयार केला. 'किसान कन्या' हा भारतातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपटही त्यांनीच १९३७ मध्ये काढला. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, दुःखाची गोष्ट अशी की, 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काही छायाचित्रे तेवढी उरली आहेत. ज्या चित्रपटाने इतरांना आवाज दिला, त्याचा आवाज आपण कोणीही ऐकू शकत नाही. पण यापुढे एखादा चित्रपट पाहताना गाणे कानी पडेल, तेव्हा रात्री जागून नवे काम शिकणाऱ्या त्या माणसाला जरूर आठवा.