डॉ. सुंदरलाल होरा : माशाच्या सवयी शोधणारे प्राणिशास्त्रज्ञ

कटला, रोहू आणि मृगळ तळ्यात जोमाने वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. त्यामुळे पूर्वी मत्स्यशेतीसाठी लागणारे मत्स्यजिरे पुराच्या वेळी नदीतूनच गोळा करावे लागे. त्यात नको असलेल्या माशांचेही जिरे मिसळलेले असे. हे मासे नेमके कशामुळे अंडी देतात, या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये डॉ. सुंदरलाल होरा हे मोठे नाव आहे.

होरा यांचा जन्म 1896 मध्ये पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. लाहोरला शिक्षण घेऊन ते 1919 मध्ये कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले. मणिपूर आणि खासी टेकड्यांतील ओढ्यांत त्यांनी माशांचा अभ्यास केला. वेगवान प्रवाहात दगडाला चिकटून राहण्यासाठी माशांचे ओठ, पोट आणि पर कसे बदलले, हे त्यांनी दाखवले.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. देवळाली आणि पुणे परिसरातील माशांवर त्यांनी सहकाऱ्यासह लेख लिहिले. आग्नेय आशियातील काही माशांचे भाऊबंद सह्याद्रीत कसे आले, याचे उत्तर म्हणून त्यांनी सातपुड्याच्या मार्गाची कल्पना मांडली. त्यावर आजही मतभेद आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातील माशांची वर्णनेही त्यांनी अभ्यासली.

1942 मध्ये बंगालच्या मत्स्य विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेथील काही बंधाऱ्यांत पावसाचे ताजे पाणी शिरले की हेच मासे अंडी देत. पूर, प्रवाह, तापमान यांपैकी नेमके कारण कोणते, याची त्यांनी 1945 मध्ये शास्त्रज्ञांसमवेत चर्चा घडवली. 1947 मध्ये ते प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि 1955 मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर होते.

दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले. हे यश पाहायला होरा नव्हते.

आज शेतकऱ्याला हॅचरीतून एकाच जातीचे बीज मिळू शकते. बोटुकली सोडण्यापूर्वी तिची जात, खाद्य आणि पाण्याचा थर जाणून घ्या. कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात खातो. माशाची सवय ओळखूनच तळ्याचे नियोजन करावे, हीच होरा यांच्या कामाची शिकवण आहे.