करुणेचा अभ्यास : धर्मानंद कोसंबी

गणपती बसले की आपल्या हुलसुरात एकाच मांडवात मराठी, कन्नड आणि उर्दू कानावर पडते. शेजारच्या कल्याणात बाराव्या शतकात शरणांनी दयेला धर्माचा पाया मानले. दया असावी, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ती अंगी कशी बाणवावी, हे मात्र कोणी शिकवत नाही. ते शिकण्यासाठी घराबाहेर पडलेल्या एका मराठी माणसाचे स्मरण आम्ही यंदा करीत आहोत.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचे. मुलांच्या एका मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि मन तिकडेच लागले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे सिंहलद्वीपात पाली शिकले व ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला.

करुणेच्या वाटेवर निघालेल्याने घरच्यांनाच एकटे टाकावे, हे आम्हालाही बोचते. ते झाकून ठेवावे असे वाटत नाही. १९०६ साली ते परतले आणि संसार पुन्हा मांडला. नामवंत गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचे पुत्र.

बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ धर्मानंदांचा आयुष्याचा सोबती झाला. त्याच्या संपादनासाठी ते १९१० साली अमेरिकेत हार्वर्डला गेले. ध्यानाच्या या पद्धती मराठी माणसाला कळाव्यात म्हणून त्यांनी ‘समाधिमार्ग’ लिहिला. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना क्रमाने वाढवायच्या असतात. मैत्रीची सुरुवात स्वतःपासून होते. मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही असा माणूस आणि शेवटी वैरी. करुणेत आधी एखादा दुःखी जीव डोळ्यांपुढे आणायचा. वैऱ्यापाशी राग उसळला तर मागे फिरून पहिल्यापासून सुरुवात करायची; त्याचा एखादा तरी गुण आठवायचा; तेही जमेना, तर त्याला आपल्या हाताने काही द्यायचे. तालमीत रोज जोर काढावेत, तसाच हा मनाचा रोजचा सराव.

हा सराव धर्मानंदांनी आसनापुरता ठेवला नाही. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव महाराजांचे तुटपुंजे वेतन पत्करले. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास सोसला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. शरीर थकल्यावर सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यासारखे घर सोडण्याची आपल्याला गरज नाही. बांधावरून, वाटणीवरून किंवा भाषेवरून बोलणे बंद झालेले एखादे घर प्रत्येकाच्या गल्लीत असते. यंदा प्रसादाचे ताट आधी त्या घरी न्यावे, असे आम्ही ठरवले आहे. दार उघडेल की नाही, ते त्यांच्यावर. सराव आपला आहे.