जॉन नेटलटन

जॉन डेरिंग नेटलटन (२८ जून, इ.स. १९१७ – १३ जुलै, इ.स. १९४३) हे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील दक्षिण आफ्रिकी वैमानिक होते. दुसऱ्या महायुद्धात १७ एप्रिल १९४२ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथील डिझेल इंजिनांच्या कारखान्यावर भरदिवसा झालेल्या हवाई हल्ल्याचे नेतृत्व त्यांनी केले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्यासाठीचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला. लँकेस्टर जातीच्या विमानातील वैमानिकाला मिळालेला हा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस होय. पुढे याच युद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनाही हाच सन्मान लाभला.

पूर्वायुष्य

नेटलटन यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांतात नोंगोमा येथे झाला. त्यांचे आजोबा नौदलात ॲडमिरल होते. घराण्याच्या या परंपरेला अनुसरून नेटलटन यांनी ‘जनरल बोथा’ या प्रशिक्षण नौकेवर शिक्षण घेतले आणि काही काळ व्यापारी जहाजांवर नोकरी केली. नंतर केपटाऊनमध्ये ते स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळले. १९३८ च्या अखेरीस ते रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले. १९४१ मध्ये त्यांची नेमणूक ४४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. ऱ्होडेशिया वसाहतीचे नाव या स्क्वॉड्रनला दिलेले असल्यामुळे नेटलटन यांनाही ऱ्होडेशियाचे समजण्याची चूक होते.

ऑग्सबुर्गची मोहीम

१९४२ च्या आरंभी जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात मित्रराष्ट्रांची मालवाहू जहाजे मोठ्या संख्येने बुडवीत होत्या. त्या पाणबुड्यांची इंजिने एम.ए.एन. या कंपनीच्या ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात तयार होत. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले पहिले इंजिन याच कारखान्यात घडविले होते. फेब्रुवारीत बॉम्बर कमांडची सूत्रे हाती घेतलेल्या आर्थर हॅरिस यांनी हे लक्ष्य निवडले.

अडचण अंतराची आणि उजेडाची होती. रात्री एकच कारखाना नेमका शोधून त्यावर बॉम्ब टाकणे त्या काळच्या साधनांनी जवळजवळ अशक्य होते. दिवसा जायचे, तर नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून पुढे सुमारे ८०० किलोमीटर शत्रूच्या ताब्यातील प्रदेशावरून जावे लागे आणि संरक्षक लढाऊ विमाने एवढ्या लांब सोबत येऊ शकत नव्हती. झाडांच्या शेंड्यांलगत उडून रडारची नजर चुकवायची, संध्याकाळी हल्ला करायचा आणि अंधाराच्या आडोशाने परतायचे, असा बेत ठरला. चार इंजिनांचे लँकेस्टर तेव्हा अगदी नवे होते. ४४ आणि ९७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनांतील वैमानिकांनी काही दिवस ब्रिटनवरच जमिनीलगत उडण्याचा सराव केला, पण लक्ष्य त्यांना ठाऊक नव्हते. नकाशावर ऑग्सबुर्गपर्यंत ताणलेली फीत पाहून कित्येकांना ती थट्टाच वाटली.

१७ एप्रिलच्या दुपारी वॅडिंग्टन व वुडहॉल स्पा येथून प्रत्येकी सहा, अशी बारा विमाने या मोहिमेवर निघाली. त्यांत एकूण ८५ जण होते. जर्मन वैमानिकांचे लक्ष दुसरीकडे वेधण्यासाठी त्याच दिवशी उत्तर फ्रान्सवर अन्य विमानांनी हल्ले केले, पण ही युक्ती अंगाशी आली. त्या हल्ल्यांना तोंड देऊन जर्मन लढाऊ विमाने ब्यूमाँ-ल-रोजे येथील तळावर परतत असतानाच नेटलटन यांची तुकडी तेथून जवळून गेली आणि त्यांच्या दृष्टीस पडली.

पुढची लढत विषम होती. लँकेस्टरवरील मशीनगनचा पल्ला कमी होता, तर जर्मन विमानांवरील २० मिलिमीटर तोफा दुरूनच मारा करू शकत. विमाने इतक्या खालून जात होती की, पेट घेतल्यावर पॅराशूटने उडी मारण्याचीही सोय नव्हती. मागच्या ओळीतील तिन्ही विमाने पडली, मग पुढच्या ओळीतील एक. सहांपैकी दोनच उरली: नेटलटन यांचे आणि जॉन गारवेल यांचे. परत फिरणे येथे कोणी गैर मानले नसते. नेटलटन पुढे गेले.

दोघांनी ऑग्सबुर्ग गाठून छपरांच्या उंचीवरून बॉम्ब टाकले. बॉम्ब ११ सेकंदांनी फुटतील अशी योजना होती, अन्यथा टाकणारे विमानच स्फोटात सापडले असते. विमानवेधी तोफांच्या माऱ्याने गारवेल यांचे विमान पेटले. त्यांनी ते शेतात उतरविले, पण सातांपैकी तिघे मरण पावले आणि उरलेले कैद झाले. ९७ क्रमांकाची तुकडी फ्रान्सवरून सुखरूप आली होती, तिची दोन विमाने लक्ष्याजवळ पडली. त्यांपैकी एकाचे वैमानिक जॉन शेरवूड आसनासकट बाहेर फेकले गेले आणि आश्चर्यकारकरीत्या वाचले. त्यांच्यासाठीही व्हिक्टोरिया क्रॉसची शिफारस झाली होती, परंतु त्यांना त्याखालोखालचा डी.एस.ओ. हा सन्मान देण्यात आला.

नेटलटन अंधारात वाट चुकून आयरिश समुद्रापर्यंत गेले आणि मध्यरात्रीनंतर ब्लॅकपूलजवळच्या स्क्वायर्स गेट येथे उतरले. ४४ क्रमांकाच्या तुकडीतून परतलेले ते एकमेव विमान होते. बारांपैकी सात विमाने व ४९ माणसे परतली नाहीत. त्यांपैकी ३७ जण मृत्युमुखी पडले.

मोहिमेचे मूल्यमापन

कारखान्यावर १७ बॉम्ब पडले, त्यांपैकी पाच फुटलेच नाहीत. काही इमारतींची मोठी हानी झाली, परंतु इंजिनांचे उत्पादन फारसे अडले नाही. लक्ष्य निवडताना आपल्याला विचारले नाही, अशी तक्रार आर्थिक युद्ध खात्याचे मंत्री लॉर्ड सेलबोर्न यांनी पंतप्रधान चर्चिल यांच्याकडे केली. वैमानिकांच्या धैर्याविषयी वाद नव्हता. त्या धैर्याचा वापर योग्य ठिकाणी झाला का, हा प्रश्न होता. संरक्षणाविना जर्मनीत खोलवर दिवसा जाण्याचा असा प्रयोग लँकेस्टर विमानांकडून लगेच पुन्हा करविला गेला नाही, हे पुरेसे बोलके आहे.

नेटलटन यांचा व्हिक्टोरिया क्रॉस २८ एप्रिल १९४२ रोजी जाहीर झाला. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. त्याच वर्षी जुलैत त्यांचा विवाह महिला हवाई दलातील अधिकारी बेटी हॅवलॉक यांच्याशी झाला.

मृत्यू

जानेवारी १९४३ मध्ये विंग कमांडर म्हणून ४४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची धुरा नेटलटन यांच्याकडे आली. तुकडीप्रमुखाने प्रत्येक मोहिमेवर जावे असा दंडक नव्हता, तरीही ते उड्डाणे करीत राहिले. १२ जुलै १९४३ च्या रात्री इटलीतील तोरिनो शहरावरील हल्ल्यासाठी २९५ लँकेस्टर विमाने गेली, त्यांपैकी १३ परतली नाहीत. नेटलटन यांचे विमान परतीच्या वाटेवर ब्रेस्टच्या परिसरात जर्मन लढाऊ विमानाने पाडले, असे मानले जाते. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा मृतदेह सापडला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्यांच्या पत्नीला पुत्र झाला. ज्यांना कबर लाभली नाही अशा वैमानिकांच्या इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर नेटलटन यांचे नाव कोरलेले आहे.