खिशातला कॅमेरा

ऑस्कर बार्नाक हा जर्मनीतील निष्णात यंत्रकारागीर. त्याचा जन्म १८७९ साली झाला. रानावनांत हिंडावे, छायाचित्रे घ्यावीत, हा त्याचा छंद. परंतु त्यास दम्याची व्यथा होती. त्या काळचा कॅमेरा म्हणजे भली मोठी पेटी, जड काचा आणि तीन पायांचा स्टँड! हे ओझे घेऊन टेकडी चढताना त्याचा जीव कासावीस होई. छंद सोडावा की ओझे? त्याने ओझे सोडण्याचे ठरविले.

१९११ मध्ये तो वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात आला. काचेऐवजी चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरता येईल, हे त्याने हेरले. चित्र लहान उमटेना का! भिंग उत्तम असले, की ते मागाहून मोठे करता येते. १९१४ च्या सुमारास नमुना तयार झाला. तो कोटाच्या खिशात मावे. तोच महायुद्ध पेटले आणि काम मागे पडले.

पुढे देशात हलाखी आली. नवा माल खपेल कसा, अशी कारखान्यातील अनेकांना धास्ती होती. तरी १९२४ मध्ये मालक अर्न्स्ट लाइट्झ याने धोका पत्करला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला आणि थोड्याच वर्षांत प्रवाशांच्या व वार्ताहरांच्या गळ्यात तो दिसू लागला. बार्नाक १९३६ साली निवर्तला.