प्रोग्रामला परतीची वाट देणारा माणूस : ॲलन ट्युरिंग

वसईहून चर्चगेटचं रिटर्न तिकीट काढलं की परत कुठे यायचं, हे त्या तिकिटावरच छापलेलं असतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. हातातलं काम मध्येच थांबवून तो दुसऱ्या छोट्या कामाला जातो. या छोट्या कामाला फंक्शन म्हणतात. ते संपल्यावर कुठे परतायचं, याची चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली असते. ही पद्धत अगदी सुरुवातीच्या काळात कागदावर मांडणारा माणूस म्हणजे ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, तर आईचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता. आईवडील बराच काळ भारतात आणि मुलं इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी, असंच त्याचं बालपण गेलं.

१९३६ मध्ये त्यानं एका कल्पित यंत्राचा निबंध लिहिला. आजच्या कॉम्प्युटरशास्त्राचा पाया तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये त्यानं जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडायला मदत केली. ते काम गुप्त असल्यानं जिवंतपणी त्याला त्याचं जाहीर श्रेय मिळालंच नाही.

चिठ्ठ्यांची चळत

१९४५ मध्ये तो नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रुजू झाला आणि एका कॉम्प्युटरचा आराखडा लिहायला बसला. अडचण अशी होती की एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. मग कोण कुठे परतणार?

त्यानं दोन सूचना सुचवल्या. इंग्रजीत त्यांच्या नावांचा अर्थ होतो पुरणं आणि उकरून काढणं. निघताना परतीचा पत्ता पुरायचा, काम झालं की उकरायचा. सगळ्यात शेवटी पुरलेला पत्ता सगळ्यात आधी बाहेर. ताटांच्या चळतीतलं वरचं ताट आधी उचलतो, तसंच. आज याच रचनेला स्टॅक म्हणतात.

यंत्र बनवण्याचं काम रखडलं. वैतागून ट्युरिंग १९४८ मध्ये मँचेस्टरला गेला. त्या यंत्राची छोटी आवृत्ती १९५० मध्ये चालू झाली, तेव्हा तो तिथे नव्हता.

चिठ्ठी बदलण्याची युक्ती

आता आजचं बघू. एखादं ॲप मंद झालंय. कोणत्या फंक्शननं किती वेळ खाल्ला आणि काय उत्तर दिलं, हे चालू प्रोग्राम न थांबवता कसं कळणार?

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, इथे एक युक्ती करतो. तिचं नाव यूरेटप्रोब. फंक्शन सुरू होताच कर्नल परतीची खरी चिठ्ठी आपल्याकडे ठेवतो आणि तिच्या जागी स्वतःचा पत्ता लिहितो. काम संपवून फंक्शन थेट कर्नलच्या चौकीवर येतं. तिथे वेळ आणि उत्तर यांची नोंद होते आणि मग त्याला मूळ पत्त्यावर सोडलं जातं. वसईच्या तिकिटावर कुणी गुपचूप अंधेरी लिहावं आणि अंधेरीला नोंद झाल्यावर खरं तिकीट परत द्यावं, तसा प्रकार.

अशा अनेक चिठ्ठ्या साठल्या तर? कर्नलही शेवटची आधी काढतो. म्हणजे ट्युरिंगचीच पद्धत.

यात धोकाही आहे. प्रत्येक नोंदीला वेळ लागतो. गो भाषेतले प्रोग्राम चालता चालता आपला स्टॅक दुसरीकडे हलवतात. तिथे चिठ्ठी बदलली तर प्रोग्राम कोसळूही शकतो. परतीच्या पत्त्यावर किती काही अवलंबून असतं, ते इथे दिसतं.

उशिरा आलेली माफी

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून ट्युरिंगवर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्याला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले. सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजेही बंद झाले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, सायनाईडच्या विषबाधेनं त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला.

यूरेटप्रोबची सोय लिनक्समध्ये आली २०१३ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या राणीनं ट्युरिंगला माफी दिली. त्याला जाऊन तेव्हा ५९ वर्षं झाली होती.