कुलपांचा छंद असलेला शास्त्रज्ञ

रिचर्ड फाइनमन हे विसाव्या शतकातील एक थोर भौतिकशास्त्रज्ञ होते. १९६५ साली त्यांना अन्य दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण या विद्वान माणसाला एक मजेदार छंद होता. तो म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा!

रिचर्ड यांचा जन्म ११ मे १९१८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील गणवेशांचा व्यापार करीत. ते स्वतः शास्त्रज्ञ नव्हते. पण मुलाला सोबत घेऊन फिरत आणि प्रत्येक गोष्टीमागचे कारण शोधायला शिकवीत. लहानग्या रिचर्डने घरातच एक छोटी प्रयोगशाळा मांडली होती. शेजारपाजारच्या लोकांचे बिघडलेले रेडिओ तो दुरुस्त करून देई. बंद पडलेली वस्तू दिसली की तिचे कोडे सुटेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. अमेरिकेने न्यू मेक्सिको राज्यातील लॉस ॲलामॉस या डोंगराळ ठिकाणी अणुबॉम्ब बनविण्याचे गुप्त काम हाती घेतले. १९४३ साली तरुण फाइनमन तेथे दाखल झाले. त्यांची पत्नी आर्लीन क्षयाने आजारी होती. तिला जवळच्या आल्बुकर्की शहरातील रुग्णालयात ठेवले होते. सुटीच्या दिवशी ते तिला भेटायला जात. जून १९४५ मध्ये तिचे निधन झाले.

लॉस ॲलामॉस येथे करमणुकीची साधने फार थोडी होती. तेथे एका सहकाऱ्याकडून फाइनमन कुलूप उघडण्याची कला शिकले. साध्या कुलपात एक फिरणारा गाभा असतो. त्यात लहान लहान खिळ्यांची रांग असते. प्रत्येक खिळ्याचे दोन तुकडे असतात आणि वरून स्प्रिंगचा दाब असतो. त्यामुळे खिळे गाभ्याला अडवून धरतात. योग्य किल्ली घातली की सर्व खिळे नेमक्या उंचीवर येतात. दोन तुकड्यांमधला सांधा गाभ्याच्या कडेशी जुळतो आणि गाभा फिरतो.

मग किल्ली नसेल तर? कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी सर्व भोके तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. म्हणून गाभ्यावर हलका दाब दिला की एखादा खिळा इतरांपेक्षा जास्त अडकतो. तो तारेने हळूच वर सारला की गाभा केसभर फिरतो. मग दुसऱ्या खिळ्याची पाळी येते. या कामाला ताकद लागत नाही. बोटांना जाणवणारी बारीक हालचाल ओळखावी लागते आणि धीर धरावा लागतो. शिकणाऱ्याचा खिळा पुन्हा पुन्हा निसटतो. फाइनमन यांनी कंटाळा न करता सराव केला आणि ही कला साध्य केली.

तेव्हा त्यांच्या लक्षात एक गंभीर गोष्ट आली. अणुबॉम्बची गुपिते लाकडी कपाटांत ठेवलेली होती आणि त्या कपाटांना अशीच साधी कुलपे होती! ही सुरक्षा पुरेशी नाही, असे ते सभांमध्ये सांगू लागले. एकदा एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञांनी आपण महत्त्वाचे कागद मेजाच्या खणात ठेवतो, असे सांगितले. सभा चालू असतानाच फाइनमन हळूच बाहेर पडले. त्या मेजाच्या मागच्या बाजूला खालून फट होती. कुलपाला हात न लावता त्यांनी सारे कागद ओढून काढले. खण पाहायचा आहे असे त्यांनी नंतर म्हणताच चतुर टेलर काय झाले ते लगेच समजले.

पुढे आकड्यांची कुलपे असलेली नवी कपाटे आली. त्यांत तीन आकडे जुळवावे लागत. प्रत्येक आकडा शंभरांपैकी एक असे. म्हणजे एकूण दहा लाख जुळण्या! फाइनमन यांनी स्वतःच्या कपाटाचे कुलूप नीट तपासले. खरा आकडा दोन घरे पुढेमागे झाला तरी कुलूप उघडते, हे त्यांना दिसले. म्हणून शंभरांऐवजी वीसच आकडे पाहिले तरी पुरे. दहा लाखांच्या आठ हजारच जुळण्या उरल्या. शिवाय कपाट उघडे असताना चाळा केल्यासारखे चक्र फिरविले, तर शेवटचे दोन आकडे कळतात, हेही त्यांनी शोधले. मग उरले फक्त वीस प्रयत्न!

एका लष्करी अधिकाऱ्याला त्यांनी त्याचे स्वतःचे कपाट उघडून दाखविले. काम करताना कपाट उघडे ठेवणे धोक्याचे आहे, हे समजावून सांगितले. अधिकाऱ्याने काय केले? कपाटे बंद ठेवण्याचा हुकूम काढण्याऐवजी, फाइनमन ज्या खोलीत येऊन गेले असतील तेथील आकडे बदला, असे पत्र सर्वांना धाडले. दोष कुलपाचा आणि सवयीचा होता. पण दोषी ठरला तो दाखविणारा.

पुढे तेथील कुलूप दुरुस्त करणाऱ्याने एका बड्या अधिकाऱ्याची भक्कम तिजोरी उघडली. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यातून येताना कुलपाला जे आकडे लावलेले असतात, तेच त्याने लावून पाहिले होते. अधिकाऱ्याने ते कधी बदललेच नव्हते!

१९८६ साली चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले आणि सात अंतराळवीर प्राणास मुकले. चौकशी समितीत फाइनमन होते. त्यांनी यानाच्या रबरी कड्याचा तुकडा सर्वांसमोर बर्फाच्या पाण्यात बुडविला. थंडीत रबराची लवचीकता कमी होते, हे त्यांनी दाखवून दिले. १५ फेब्रुवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसऱ्याचे कुलूप परवानगीशिवाय उघडणे चुकीचेच. पण आपल्या कुलपाचा कच्चा दुवा जो दाखवून देतो, त्याचे ऐकण्यातच शहाणपण असते.

स्वाध्याय
१. किल्लीने कुलूप कसे उघडते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. दहा लाख जुळण्या आठ हजारांवर कशा आल्या?
३. लष्करी अधिकाऱ्याने काय करायला हवे होते, असे तुम्हांला वाटते?