सोफीबाईंचे चौकोन

मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालताना आपण सगळ्याजणी घरे मोजतो. एक घर चुकले की उसवणे आले! गुलाब काढा नाहीतर मोर काढा, जवळून पाहिले तर गुलाबाची पाकळीसुद्धा पायरीपायरीचीच दिसते, कारण कापडाला उभा धागा आणि आडवा धागा एवढेच ठाऊक. ही कापडाची अडचण आहे असे समजून आपण पाकळीला गोलाई आणण्याची खटपट करतो. पण ही अडचण नाहीच, उभ्या-आडव्यातच खरी शोभा आहे, असे वाटणाऱ्या एक बाई शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडात होऊन गेल्या. सोफी टॉयबर-आर्प हे त्यांचे नाव. मंडळातील भगिनींना त्यांची हकीकत आवडेल असे वाटून येथे देत आहे.

सोफीबाईंचा जन्म ता. १९ जानेवारी १८८९ रोजी दाव्होस येथे झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते, पण मुलगी दोन वर्षांची असतानाच ते क्षयाने वारले. मग आई मुलांना घेऊन ट्रोगेन या गावी गेली. तेथे तिने प्रवाशांना उतरण्याजेवण्याची सोय असलेले घर चालवून सर्वांना वाढविले. तो सगळा मुलूखच भरतकामाचा. जवळचे सेंट गॅलन शहर तर त्या धंद्यासाठी जगभर प्रसिद्ध होते. सोफी शिवणटिपण आईपाशी शिकली, पुढे सेंट गॅलनला आणि नंतर जर्मनीत म्युनिक व हॅम्बुर्ग येथे कलाकुसरीचे रीतसर शिक्षण घेऊन १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर स्वदेशी परतली.

पुढच्याच वर्षी झुरिचच्या एका प्रदर्शनात त्यांची हान्स आर्प या चित्रकार-कवीशी ओळख झाली. दोघांचे विचार जुळले, लग्न मात्र १९२२ साली झाले. दरम्यान १९१६ पासून सोफीबाई झुरिचच्या कलाकुसरीच्या शाळेत भरतकाम व कापडावरील नमुने शिकवू लागल्या आणि ती नोकरी त्यांनी तेरा वर्षे केली. आर्प यांच्या कवितांनी आणि चित्रांनी घर चालत नव्हते, ते चालले मुख्यतः बाईंच्या पगारावर.

त्यांच्या वर्गात गावोगावच्या मुली येत त्या उशीच्या अभ्र्यावर फुलांच्या माळा भरण्याची हौस घेऊन. बाई त्यांना हळूहळू चौकोनाकडे वळवीत. जुना नमुना गिरवायचा नाही, आधी रंगाशेजारी रंग ठेवून पाहायचा, असा त्यांचा परिपाठ. मला त्या मुलींचीही थोडी दया येते. घरी जाऊन आईला चौकोन दाखविल्यावर काय ऐकावे लागले असेल कोण जाणे!

पण बाई स्वतः तेच करीत होत्या. लोकरीने टाके घालून त्या नुसत्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची आणि चौकोनांची चित्रे भरीत. त्यात झाड नाही, पक्षी नाही, माणूस नाही. हे १९१६ च्या सुमाराचे काम आहे. मोंद्रियान या डच चित्रकाराची लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांची जगप्रसिद्ध चित्रे १९२० नंतरची, हे लक्षात घेतले म्हणजे बाईंची धिटाई कळते. इतर चित्रकार पुष्कळ विचार करून चौकोनापाशी पोचले. बाईंच्या हातातल्या सुईला ती वाट रोजचीच होती. आर्प यांच्याबरोबर त्यांनी कागदाच्या चौकोनी तुकड्यांची चित्रेही केली. हाताचा वळसा दिसू नये म्हणून ते कागद कात्रीने न कापता कागद कापण्याच्या यंत्रावर कापले होते.

एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. युद्धाला कंटाळलेल्या तरुण कलावंतांनी झुरिचमध्ये ‘दादा’ नावाची एक चळवळ काढली होती. तिच्या कार्यक्रमांत बाई नाचत, तेही तोंडावर मुखवटा चढवून. शाळेला हे थेर मंजूर नव्हते, तेव्हा ओळख लपविणे भागच होते. १९१८ साली त्यांनी ‘हरिणराजा’ या नाटकासाठी कठपुतळ्या केल्या. शंकू, नळकांडी आणि गोळे जोडून केलेल्या त्या बाहुल्यांचे सांधे झाकलेलेसुद्धा नव्हते. दुर्दैवाने त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली आणि नाटकाचे प्रयोग फार झाले नाहीत.

१९२६ मध्ये स्ट्रासबूर्गच्या ‘ओबेत’ या जुन्या इमारतीत चहाघर, नाचघर, सिनेमा वगैरे सजविण्याचे मोठे काम बाईंना मिळाले. त्यांनी आर्प आणि डच कलावंत थिओ फान डूसबुर्ग यांना सोबत घेतले. भिंती, छत, फरशी सगळीकडे रंगीत चौकोन! १९२८ साली ते उघडले, पण गिऱ्हाइकांना रुचले नाही आणि दहा वर्षांच्या आत ती सजावट झाकून टाकण्यात आली. (त्यातला काही भाग अलीकडे पूर्ववत केला आहे.) काम बाईंच्या नावे आले, तरी बोलबाला अधिक झाला तो डूसबुर्ग यांचा. मिळालेल्या पैशांतून मात्र त्यांनी पॅरिसजवळ क्लामार येथे जागा घेतली आणि घराचा आराखडा स्वतः काढला. नोकरी सोडली ती १९२९ साली.

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर आल्या तेव्हा ते घर टाकून दोघे दक्षिणेला ग्रास येथे गेले. साहित्याची टंचाई होती, म्हणून बाई कागदावर रंगीत पेन्सिलींनी चित्रे काढीत. अमेरिकेला जाण्याचा बेत फसला, तेव्हा १९४२ च्या अखेरीस ती दोघे झुरिचला आली. ता. १३ जानेवारी १९४३ च्या रात्री, मॅक्स बिल या कलावंत मित्राकडे मुक्काम असताना, बाई थंडीसाठी शेगडी पेटवून झोपल्या. धूर बाहेर जाण्याची वाट बंद राहिली होती. खोलीत विषारी वायू कोंडला आणि झोपेतच त्यांचा अंत झाला. चोपन्नावा वाढदिवस सहा दिवसांवर होता.

त्यानंतर पुष्कळ वर्षे आर्प यांची पत्नी एवढीच त्यांची ओळख राहिली. १९९५ साली स्वित्झर्लंडने पन्नास फ्रँकच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. नोटांच्या त्या मालिकेत त्या एकट्याच बाई होत्या. २०१६ साली त्या नोटेची जागा नव्या नोटेने घेतली. २०२१-२२ मध्ये बाझेल, लंडन आणि न्यूयॉर्क येथे त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, आणि त्यात रंगचित्रांच्या जोडीने भरतकाम, कठपुतळ्या आणि त्यांनी ओवलेल्या मण्यांच्या लहानशा पिशव्याही मांडल्या होत्या.